नदीकाठ साफ करून घ्यायचाय, सरकारदरबारी नक्की कुणाला धरायचं? (वाळवा तालुका)

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी,

वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव आहे आमचं. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, गावातली पोरं पण इथं वाचतात आणि मला वाद नकोय, काम व्हायला पाहिजे. लोकसंख्या सात हजाराच्या आसपास.

घाट जुना, दगडी, चांगला रुंद. पण आता तिथं कुणी बसत नाही. घाटाच्या वरच्या अंगाला गावचा ओढा नदीला मिळतो. ओढा नुसता नावाला, पाऊस संपला की त्यातनं सगळ्या गावच्या गटारीचं पाणी येतं, त्यात गोठ्याचं शेण-मूत आलं, संडासच्या टाक्या भरून वाहतात ते पण आलं. दोन्ही अंगाला प्लॅस्टिक, चिकनच्या दुकानातली पिसं, निर्माल्य, आणि २०१९ च्या पुरात जी घरं पडली त्यांचा राडारोडा. तेव्हा घाईघाईत ट्रॉल्या भरून काठावर ओतला तो अजून तिथंच आहे, त्याच्यावर बाभळी उगवल्यात. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं आणि केंदाळ (जलपर्णी) पसरतं. आणि गळीत हंगाम सुरू झाला की अधनंमधनं रात्रीत पाण्याचा रंग बदलतो, सकाळी मळीचा वास येतो आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतात. ते पाणी कुणाचं हे मी सांगू शकत नाही, वरच्या अंगाला बरंच काही आहे, डोळ्यानं बघितल्याशिवाय कुणाचं नाव घेणार नाही.

सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे गावच्या नळपाणी योजनेचं जॅकवेल (नदीतनं पाणी उचलायची विहीर) या ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे, हाकेच्या अंतरावर. म्हणजे जे आपण सोडतो तेच तुरटी आणि क्लोरीन मारून परत घरात घेतो. ज्यांना परवडतं ते जारचं पाणी आणतात. ज्यांना नाही परवडत त्यांच्या पोरांच्या अंगावर खाज आणि पोटाचे आजार कायमचे. मला हे बघवत नाही आता.

ऑफिसं फिरलोय. कुठं म्हणतात हा प्रश्न गावचा, कुठं म्हणतात नदी पाटबंधारेची, कुठं म्हणतात तक्रार लेखी द्या, दिली तर त्याचं पुढं काय झालं ते कळत नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय की हा काठ साफ करायची जबाबदारी कायद्यानं कुणाची, पैसा कुठल्या योजनेतनं येऊ शकतो, पाण्याचे नमुने आपण स्वतः घेऊन चालतात का, आणि हरित लवादाचं (पर्यावरणाच्या तक्रारींचं न्यायालय) नाव ऐकतो तिथं साध्या माणसाला जाता येतं का. ज्यांनी असं काही काम करून घेतलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

---

मिरजेचा

दादा आधी हात घाला, मग कागद. आमच्याकडं तरुण मंडळानं रविवारी रविवारी जाऊन काठ साफ केला, जेसीबी एका कंत्राटदारानं फुकट दिला, निर्माल्यासाठी कुंड बांधलं, गणपतीला दोन कृत्रिम हौद ठेवले. लोकांना काम दिसलं की आपोआप येतात. सरकारच्या नादाला लागलात तर पाच वर्षं जातील आणि गावात दोन गट पडतील ते वेगळंच.

---

पंचायतीतला अण्णा

मी पलूस तालुक्यात ग्रामसेवक म्हणून बरीच वर्षं काढली, आता निवृत्त आहे. मिरजेच्या मित्रांचं श्रमदानाचं म्हणणं पटतं, पण श्रमदानानं काठ साफ होतो, ओढ्याचं तोंड बंद होत नाही. पुढच्या रविवारी तेवढंच पाणी परत आलेलं असतं आणि पोरं दमतात. म्हणून दोन्ही बरोबर चालवा.

आता पैशाचं. निधी नाही असं तुम्हाला सांगितलं असेल तर शांतपणे हे विचारा. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्याला माणशी निकष ठरवलाय. पाच हजाराच्या आतलं गाव असेल तर सांडपाण्याला माणशी २८० रुपये आणि घनकचऱ्याला ६०. पाच हजाराच्या वरच्या गावाला सांडपाण्याला ६६० आणि घनकचऱ्याला ४५. तुमची लोकसंख्या सात हजार धरली तर सांडपाण्याचेच ४६ लाख २० हजार होतात, कचऱ्याचे ३ लाख १५ हजार वेगळे. यातला ७० टक्के हिस्सा मिशनचा आणि ३० टक्के ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातनं घालायचा. पंधराव्या वित्त आयोगात (२०२१-२६) ६० टक्के पैसा बंधित धरला, निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला, म्हणजे तो पैसा सभामंडपाला किंवा रस्त्याला वळवता येत नाही. तुमच्या गावाला यातलं काय मंजूर झालं, काय खर्च झालं आणि चालू वर्षाला काय शिल्लक आहे हे पंचायत समितीत लेखी मागा. बऱ्याच गावांत असं होतं की या पैशातनं सुटे शोषखड्डे काढून मोकळे होतात आणि मोठ्या ओढ्याचं काम गावच्या विकास आराखड्यातच नसतं. आराखड्यात नाव नसलं की गटविकास अधिकाऱ्याला मनात असून पण काही करता येत नाही, ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही.

दुसरं, जॅकवेलचा मुद्दा तुमच्या हातातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि तुम्ही तो मधेच लिहून सोडलाय. वर्षातनं दोनदा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. वरच्या अंगाला सांडपाणी मिळतंय आणि खाली जॅकवेल आहे हे सर्वेक्षणात नीट नोंदलं गेलं का ते बघा. आरोग्य केंद्रात मागच्या सर्वेक्षणाचा तक्ता मागा. लाल कार्डाला कुठलाही सरपंच आणि कुठलाही तालुका आरोग्य अधिकारी घाबरतो, कारण साथ आली तर पहिला प्रश्न त्यावरनंच विचारला जातो.

सुरुवात ग्रामसभेपासनं करा. आणि महिला ग्रामसभा मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते हे कायद्यातच आहे. घाटावर धुणं धुवायला, पाण्याला कोण जातं? बायका. त्यांच्या सभेतनं ठराव आला तर त्याला नाही म्हणायची कुणाची हिंमत होत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

---

कृष्णाकाठी

अण्णा, लई उपयोगाचं सांगितलंत. हे माणशी निकष मला कुणीच बोललं नव्हतं. अडचण एवढीच की आमच्याकडं ग्रामसभेला कोरमच होत नाही, सही करून लोक उठून जातात.

---

पंचायतीतला अण्णा

कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी ते. तुमच्या गावात शंभर माणसं धरा. नाही झाली तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, फक्त विषय तेच पाहिजेत. म्हणून विषय आधीच लेखी देऊन अजेंड्यावर घालून घ्या, आयत्या वेळच्या विषयात टाकू नका. अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.

---

वकीलताई सातारा

जबाबदारीचं सांगते कारण इथंच सगळे गोल फिरवतात. सगळ्या घाणीचा एकच अर्ज केलात तर प्रत्येक ऑफिसला तो दुसऱ्याकडं ढकलायची सोय होते. तुमच्याकडं खरं तर तीन वेगळे विषय आहेत, त्यांचे अर्ज पण वेगळे करा.

काठावरचा राडारोडा आणि कचरा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या-नाल्यांचं पात्र ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे तिथं भर टाकली असेल, अतिक्रमण असेल तर तहसीलदार. पूररेषेचा मुद्दा त्यात घाला, पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी रेषा (आतली, लहान पुराची) आणि लाल रेषा (बाहेरची, मोठ्या पुराची) जलसंपदा विभाग आखतो, आणि निळ्या रेषेच्या आत भराव म्हणजे पुराच्या पाण्याला अडथळा. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या जिल्ह्यात हा मुद्दा कुणाला हलक्यात घेता येत नाही. अर्जाची एक प्रत जलसंपदाला द्या.

ओढ्यातनं येणारं गावचं सांडपाणी. हे ग्रामपंचायतीचं, त्यावर पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा पाणी व स्वच्छता विभाग. अण्णांनी सांगितलंच आहे.

हंगामात येणारं मळीचं पाणी. हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, सांगलीत त्यांचं उपप्रादेशिक कार्यालय आहे आणि त्याच्या वर कोल्हापूरचं प्रादेशिक कार्यालय. जल प्रदूषण कायदा १९७४ चा, त्याचं कलम २४ सरळ सांगतं की प्रदूषित पाणी नदीत सोडायचं नाही.

नमुन्याचं विचारलंत. तुम्ही बाटलीत भरून खासगी लॅबला दिलेलं पाणी अंदाज यायला चांगलं, पण खटल्यात पुरावा म्हणून मंडळाच्या अधिकाऱ्यानं कलम २१ च्या पद्धतीनं घेतलेला नमुना लागतो. म्हणजे समोरच्याला नोटीस देऊन, त्याच्या देखत, दोन भाग करून, सील करून. म्हणून पाणी बदललं की त्याच तासाला मंडळाला ईमेल करा, फोटो-व्हिडिओत तारीख, वेळ आणि ठिकाण उमटेल असं ॲप वापरा, आणि पोलीस पाटील किंवा तलाठ्याच्या समोर साधा पंचनामा करून ठेवा. अधिकारी दोन दिवसांनी आले आणि पाणी वाहून गेलं तरी त्या वेळी काय होतं त्याची नोंद राहते.

माहिती अधिकार वापरा, पण नेमका. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, त्यामुळं भलामोठा निबंध लिहिलात तर तेवढ्यावरनं परत येईल. मंडळाकडं मागायचं ते असं: आपल्या गावाच्या वरच्या टप्प्यातल्या उद्योगांची संमतीपत्रं आणि त्यांच्या मागच्या तीन वर्षांच्या तपासणीचे अहवाल. संमतीपत्रात लिहिलेलं असतं की रोज किती सांडपाणी तयार होणार आणि ते कुठं जाणार. एकदा हे हातात आलं की बोलणं हवेत राहत नाही.

अजून एक रस्ता आहे जो लोक विसरतात. सार्वजनिक उपद्रव दूर करायला प्रांताधिकारी सशर्त आदेश काढू शकतात. पूर्वी हे फौजदारी संहितेचं कलम १३३ होतं, १ जुलै २०२४ पासनं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या लोकांनी उघड्या गटारी आणि दारूच्या कारखान्याच्या घाण पाण्याविरुद्ध याच कलमाखाली दाद मागितली होती, नगरपालिका म्हणाली पैसा नाही, आणि १९८० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पैसा नाही हे कारण चालणार नाही, लोकांच्या आरोग्याची जबाबदारी टाळता येत नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा निकाल आहे. निधी नाही म्हणणाऱ्या प्रत्येक टेबलावर हा निकाल ठेवा.

हरित लवादाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसतं, आपल्याला जवळ आहे. भरपाई मागत नसाल तर फी १००० रुपये, वकील न लावता स्वतः पण उभं राहता येतं. मात्र कलम १४ खाली कारण घडल्यापासनं सहा महिन्यांत जावं लागतं, सबळ कारण असेल तर वर फार तर ६० दिवस. म्हणून तारखा लिहून ठेवा म्हणते.

---

मिरजेचा

ताई सगळं बरोबर, पण गावात राहून हे करणं सोपं नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याकडंच गावाचा ऊस जातो. उद्या तक्रारदाराच्या फडात ऊसतोडीची टोळीच आली नाही तर? वेळेत तोड नाही मिळाली तर वजन घटतं, वर्षाचं पीक जातं. मी हे घाबरवायला नाही सांगत, माझ्या मामाच्या गावात लोक याच कारणानं गप्प बसलेत.

---

कृष्णाकाठी

हे अगदी खरं आहे हो. आमच्या घरात पण तीन एकर ऊस आहे, वडील कारखान्याचे सभासद आहेत. मी हा विषय काढला की वडील म्हणतात नदीचं बोल, कारखान्याचं बोलू नको. त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही, पोटाचा प्रश्न आहे.

---

वकीलताई सातारा

म्हणूनच एकट्या माणसाच्या नावानं जाऊ नका. ग्रामसभेचा ठराव मंडळाला पाठवा आणि त्यात कुणा एकाचं नाव घालू नका. मागणी अशी करा की अमुक बंधाऱ्यापासनं आपल्या घाटापर्यंतच्या सगळ्या सांडपाणी स्रोतांची हंगामात संयुक्त पाहणी व्हावी. सगळे म्हणजे गावं पण आली, उद्योग पण आले. मग जे निघेल ते मंडळाच्या कागदावर निघेल, तुमच्या तोंडातनं नाही.

आणि वडील सभासद आहेत ही कमजोरी समजू नका. सहकारी कारखाना असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदाला प्रश्न विचारायचा हक्क आहे. सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर यंदा किती खर्च झाला, तो पूर्ण क्षमतेनं चालतो का, मंडळाच्या किती नोटिसा आल्या, एवढंच लेखी विचारायचं. ही तक्रार होत नाही, मालकानं आपल्या कारखान्याची केलेली चौकशी होते. दहा-वीस सभासदांनी मिळून दिलं तर कुणा एकाच्या तोडीवर राग निघणार नाही.

---

सांडपाणी इंजिनिअर

अण्णा आणि ताईंनी कागदाचं सांगितलं, मी जमिनीचं सांगतो कारण पैसा आला आणि चुकीच्या कामावर गेला तर परत दहा वर्षं कुणी बघत नाही.

एक, कृष्णाकाठची माती काळी आहे. काळ्या मातीत पाणी नीट जिरत नाही. घरोघरी शोषखड्डे काढायचे हा मुरमाड रानातला उपाय आहे, आपल्याकडं पावसाळ्यात ते तुडुंब भरतात आणि गटारीलाच जोडून टाकतात. त्यामुळं तुमच्या गावाला ओढ्यावरच एकत्र उपाय लागेल. गाळ बसायला टाकी आणि पुढं स्थिरीकरण तळी, किंवा खडी-वाळूत वनस्पती लावून पाणी गाळायची पद्धत. याला वीज जवळजवळ लागत नाही. मोटार-ब्लोअरवाला मोठा प्लांट मागू नका, त्याचं वीज बिल आणि ऑपरेटरचा पगार कुठून आणणार? उद्घाटन होतं आणि बिल थकलं की बंद पडतो. सांगली शहरात शेरीनाल्याचा (शहराचं सांडपाणी कृष्णेत आणणारा नाला) विषय कित्येक वर्षं चाललाय ते सगळ्यांना माहिती आहे, तिथं सांडपाणी उचलून धुळगावच्या बाजूला नेऊन शुद्ध करून शेतीला द्यायची योजना झाली. उचलायचं म्हटलं की पंप आले, पंप आले की कायमचा खर्च आला. गावाला जिथं उतारानं पाणी जाईल तिथंच योजना परवडते.

दोन, जागा. तळं नदीच्या कडेला निळ्या रेषेत केलंत तर पहिल्या मोठ्या पुरात गाळानं भरून जाईल. ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फुटाच्या वर पाणी गेलं होतं, धोका पातळी ४५ फूट असताना. गावात तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना आणि भिंतीवरच्या खुणांना विचारा, आणि त्याच्या वर गायरान असेल तर तिथं बघा. नसेल तर ओढ्याच्याच वरच्या टप्प्यात दोन-तीन ठिकाणी लहान लहान करता येतं.

तीन, आणि हे आपल्याला ऐकायला आवडत नाही. गावच्या ओढ्यातला मोठा भार गोठ्याचा असतो. दुधाचा धंदा वाढला, गोठे धुतलेलं पाणी सरळ गटारीत. शेण नदीत गेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. गोबर गॅस आणि गोठ्याच्या मागं स्लरीचा खड्डा केला तर तेच शेतात खत म्हणून जातं. संडासच्या टाकीचा पाइप गटारीला जोडलेला असेल तर तो पण तोडायला लागेल, शेजारच्याशी वाईट झालं तरी.

मासे का मरतात ते पण सांगतो, ग्रामसभेत उपयोगी पडेल. अंघोळीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम पाहिजे आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) ३ च्या आत पाहिजे, हे सरकारचंच मानक आहे. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २०० ते ३०० असतो. डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा (मळीपासनं दारू काढल्यावर उरणारं पाणी) चाळीस हजाराच्या पुढं. म्हणजे ते थोडंसं जरी, आणि तेही उन्हाळ्यात बरगे घालून पाणी थांबलेलं असताना आलं, तरी रात्रीत डोहातला ऑक्सिजन संपतो. मार्च २०२३ ला सांगलीच्या भागात कृष्णेत माशांचा खच पडला होता तो महिना बघा, पाणी कमी आणि हंगामाचा शेवट. म्हणून पाहणी जुलैत मागू नका, जुलैत नदी भरून वाहते आणि सगळे नमुने छान येतात. डिसेंबर ते मार्च मागा.

मंडळाची स्वतःची ठरलेली नमुना ठिकाणं आहेत कृष्णेवर, कराड, सांगलीचा माईघाट, कुरुंदवाड वगैरे, त्यांचे आकडे वेबसाइटवर येतात. तुमच्या वरचं आणि खालचं ठिकाण शोधून गेल्या दोन हंगामांचे आकडे शेजारी शेजारी मांडा.

---

कराडची माहेरवाशीण

मी सासरी तासगावला असते पण माहेर कृष्णाकाठचं, त्यामुळं हे वाचून राहवलं नाही. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. घाटावर रक्षाविसर्जन आणि दहावा होतो, त्याचे कपडे, गादी, मडकी, केळीची पानं सगळं पाण्यात. यावर कुणी बोललं की लोकांच्या भावना दुखावतात, म्हणून हे बाहेरच्या माणसानं बोलून चालत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसानं बोलावं लागतं. आमच्याकडं एका आजीनं मरायच्या आधीच सांगून ठेवलेलं की माझी राख नदीत नको, बांधावर आंबा लावा आणि त्याच्या बुडात घाला. त्यानंतर भावकीत तसंच सुरू झालं. चिमूटभर राख नदीत, बाकी झाडाला. कुणाला कमीपणा वाटला नाही.

आणि महिला सभेत नुसता ठराव वाचून दाखवू नका. बायकांना बोलू द्या. खरुज कुणाच्या पोराला झाली, जारच्या पाण्याला महिन्याचे किती जातात, धुणं धुताना पायाला काचा लागतात, हे त्यांच्या तोंडचं इतिवृत्तात जसंच्या तसं लिहून घ्या. आमच्या गावात बीडीओ साहेब आले होते तेव्हा आकडे ऐकून घेतले त्यांनी, पण एका बाईनं पोराचा हात पुढं करून दाखवला तेव्हा लगेच फोन लावला त्यांनी.

---

मिरजेचा

मी सुरुवातीला कागदाला विरोध केला होता पण हे वाचून वाटतंय दोन्ही पाहिजे. फक्त एक विनंती, श्रमदान ठरावाच्या आधी करा, नंतर नको. पन्नास पोरं काठावर राबताना दिसली की ग्रामसभेला शंभर माणसं यायला वेळ लागत नाही. राडारोडा उचलायच्या आधी मात्र फोटो काढा, नाहीतर तहसीलदार म्हणतील कुठं काय आहे. आणि कचऱ्यात काचा, सुया असतात, हातमोजे आणि गमबूट घ्याच, लेप्टोचा ताप (उंदराच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातनं होणारा) साधा नसतो.

---

कृष्णाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. सर्वसाधारण सभेत लेखी प्रश्न द्यायला ते तयार झालेत, म्हणाले एकटा नाही, आमच्या आळीतल्या सभासदांना घेऊन देतो. आणि आईनं महिला सभेचं मनावर घेतलंय, तिचा बचत गट आहे.

ठरावाचा मसुदा केलाय, बघून सांगा:

"आपल्या गावचा ओढा कृष्णा नदीस ज्या ठिकाणी मिळतो तेथून खाली गावच्या पिण्याच्या पाण्याचे जॅकवेल असून ओढ्यातून प्रक्रिया न केलेले सांडपाणी नदीत जाते. सबब ही ग्रामसभा ठराव करते की, सदर ओढ्यावर सांडपाणी व्यवस्थापनाचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेऊन स्वच्छ भारत मिशन व वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करावे. नदीकाठावरील राडारोडा हटविणेबाबत मा. तहसीलदार यांस व हंगामात नदीच्या पाण्याचा रंग व वास बदलत असल्याने वरील टप्प्यातील सर्व स्रोतांची संयुक्त पाहणी करणेबाबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास विनंती करण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर."

---

पंचायतीतला अण्णा

मसुदा चांगला आहे, पण तीन विषय एका ठरावात कोंबलेत. ताईंनी अर्ज वेगळे करा म्हटलं तसे ठराव पण तीन करा, तीन वेगळे नंबर पडू देत. एकाला हरकत आली तर बाकीचे दोन अडकणार नाहीत. प्रत्येकात सूचक आणि अनुमोदक वेगळा ठेवा, शक्यतो वेगवेगळ्या आळीतला आणि वेगवेगळ्या गटातला. पहिल्या ठरावात अंदाजपत्रक कधीपर्यंत करायचं त्याची तारीख घाला आणि ते कुणी करायचं ते पण लिहा, पंचायत समितीचा किंवा जिल्हा परिषद पाणीपुरवठा उपविभागाचा अभियंता. तारीख आणि माणूस नसलेला ठराव रजिस्टरातच राहतो.

---

वकीलताई सातारा

मंडळाला पाठवायच्या ठरावात "डिसेंबर ते मार्च या कालावधीत, ग्रामपंचायत प्रतिनिधींना पूर्वसूचना देऊन" एवढं घाला. आणि "विनंती करण्यात यावी" च्या पुढं "व पाहणीचा अहवाल ग्रामसभेसमोर ठेवण्यात यावा" हे जोडा. ठरावाची प्रमाणित प्रत ग्रामपंचायतीकडनं घेऊन रजिस्टर पोस्टानं पाठवा, एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, त्याचा अर्ज मात्र पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. वाळव्याहून सांगलीला जाणं-येणं दिवस मोडतो, तेव्हा तिन्ही विषयांच्या प्रती, फोटो आणि आधीच्या अर्जांच्या पोच एकाच फायलीत लावून घेऊन जा.